शिल्लक शब्द

सिरिल थर्टल, वय त्र्याऐंशी,
ग्रेट यार्मथच्या गोदीवर चौतीस वर्षं
सात नंबरची क्रेन चालवणारा.
मार्चमधल्या एका सकाळी, बूट घालता घालता,
मेंदूत रक्ताची गुठळी अडली
आणि होती नव्हती तेवढी भाषा वाहून गेली.
एकच शब्द खुंट्याला धरून राहिला:
क्रेन.

चहा हवा, क्रेन.
खिडकी लाव, क्रेन.
पायात गोळा आला, क्रेन क्रेन क्रेन.
बायकोलाही क्रेन.
तिचं नाव मेव्हिस. तेही एका पाखराचंच जुनं नाव,
ठिपक्याठिपक्यांच्या छातीचं, गाणारं पाखरू,
पण ते उडून गेलं त्याच्या तोंडून.
ती म्हणते, जिला जन्मभर सवत म्हणून शिव्या घातल्या
तिच्याच नावानं हाक मारतो मेला.
म्हणते, आणि त्याच्या गळ्याखालचा रुमाल सरळ करते.

मी वाचा-उपचार करते. मंगळवारी आणि शुक्रवारी.
पिशवीत चित्रांचा जुडगा: कप, किल्ली, घोडा, शिडी.
मी कप दाखवते. तो ओळखतो,
ओळखलेलं मला त्याच्या डोळ्यांत दिसतं,
ओठ कपापर्यंत पोचतात
आणि बाहेर पडते क्रेन.
मग कपाळावर हात मारून घेतो. डावा.
उजवा आता त्याचं ऐकत नाही.

एका रात्री घरी जाडा कोश उघडून बसले.
आधी पक्षी होता. क्रौंच,
राखाडी, तंगड्या लांब, मान त्याहून लांब.
मग कुणाला तरी ओझं उचलणाऱ्या लाकडी यंत्रात ती मान दिसली.
दलदलीतल्या आंबट लाल फळांना त्याचं नाव.
कुंपणालगतच्या जांभळ्या फुलालाही,
बोंड चोचीसारखं म्हणून.
वंशावळीत बापाखाली लेकांच्या तीन रेघा फुटतात,
तो फ्रेंचांना दिसलेला याच पक्ष्याचा पाय;
इंग्रजांनी तो शब्द उसना आणला,
आता कुत्रा विकताना वापरतात.
आणि नाटकात पुढच्या बाईची हॅट आड आली
की मागचा मान लांबवतो,
तेव्हा पक्ष्याचं क्रियापद होतं.

पक्षी मात्र इथून संपला होता.
काही मेजवान्यांत गेले,
उरलेल्यांची पाणथळ उपसून माणसांनी शेतं केली.
शतकंच्या शतकं नाव कामावर हजर
आणि नावाचा धनी परागंदा.
अलीकडे परत आलेत थोडे, हॉर्सीच्या बाजूला,
कुणी न बोलावता.

मेमध्ये मेव्हिस म्हणाली, नेऊ या त्याला.
चाकाची खुर्ची, दोन घोंगड्या, थर्मास.
चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, क्रेन,
म्हणजे साखर कमी.
आणि बोरूंच्या वरून ती दोघं आली,
बिगुलासारखी ओरडत,
मान पुढे, तंगड्या मागे, सावकाश,
बोटीतून काचसामानाची पेटी उचलावी
तशी, जराही न हिंदकळता.

मी वहीवर पेन टेकवून थांबले.
दोन महिन्यांत पहिल्यांदा शब्द आपल्या जागेवर पडणार होता.
मेव्हिसनं त्याच्याकडे पाहिलं, पक्ष्यांकडे नाही.

सिरिल काही बोलला नाही.
टोपी मागे सरकून गवतात पडली.
सुरकुतलेली मान कॉलरमधून वर आली, आणखी वर,
पक्षी वळले तशी वळली,
ते बांधापलीकडे उतरले तरी तशीच राहिली.

माझ्या तक्त्यात एक रकाना असतो:
शब्द योग्य ठिकाणी वापरला का?
मी 'नाही' लिहिलं. नियमानं तेच बरोबर.
पेन बराच वेळ बंद केलं नाही.

परतताना गाडीत त्यानं डाव्या हातानं
मेव्हिसची बाही ओढली. म्हणाला, क्रेन.
ती गिअर बदलत होती.
म्हणाली, काय रे,
साखर की मी?