हे नाव आधीच घेतलेले आहे

डिचोलीत बुधवारी बाजार, म्हणून
संगणकाचा वर्ग मी मंगळवारी ठेवला.
वाचनालयाच्या माडीवर, जिथे आधी
दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, तिथे चार यंत्रे.
तीन चालतात.
चौथ्यावर कापड टाकून ठेवते मी,
झोपलेल्या माणसावर टाकावे तसे.

येतात सातआठ जण.
सुलक्षा च्यारी, तीन मुलाखती देऊन आलेली,
टाइप करताना बोटांकडे बघत नाही,
स्क्रीनकडेही नाही, खिडकीबाहेर बघते.
आवेलिनोला बोटीवर जायचे आहे
आणि बोटीचा फॉर्म आता कागदावर मिळत नाही.
सगळ्यांत मागे सगुण गावस, पाळीचा.
खाण बंद पडली तेव्हा एकवीस वर्षांचा,
टिपरचे चार हप्ते भरून झालेले.

माउस धरला त्याने गिअर धरावा तसा.
म्हटले, हळू. हा घाट नव्हे.
म्हणाला, "बाई, घाटात मी हळूच चालवायचो.
जोरात चालवायचो ते सपाटीला."

आमच्या जुन्या पुस्तकांच्या कडा
अजून तांबड्या आहेत. कितीही झटका.
दिवसाला शेकड्यांनी टिपर या रस्त्याने जायचे
आणि थोडी थोडी खाण
प्रत्येक कादंबरीत उतरून राहायची.
धुळीविरुद्ध कलेक्टरला अर्ज गेला होता तेव्हा.
मसुदा माझा. सह्यांत माझी सही तिसरी.
हे मी सगुणला सांगितलेले नाही.

ई-मेल उघडायचा दिवस.
एकेक अक्षर हुडकून त्याने नाव लिहिले.
यंत्र म्हणाले : हे नाव आधीच घेतलेले आहे.
शाळेच्या दाखल्यावरचे स्पेलिंग घातले.
घेतलेले.
आजोबांच्या जमिनीच्या कागदावरचे,
पोर्तुगीज वळणाचे, ते घातले.
तेही घेतलेले.
तो खुर्चीत मागे रेलला.
"इतके सगुण गावस आहेत?
त्यांना मिळाल्या काय नोकऱ्या?"

सुलक्षा खिडकीपासून वळली, पहिल्यांदाच हसली.
"पुढे आकडा लाव रे. जन्मसाल लाव."
त्याने चार आकडे लावले,
जन्मसाल नव्हते ते.
४४७१.
बँकेने नेला नाही, भंगारवाल्याने भाव पाडला,
घरामागे उभा आहे टायर बसून,
हौद्यात दोडक्याचा वेल चढलाय,
त्या टिपरचा नंबर.
यंत्राने घेतला. हिरवी खूण आली.

नियम आहे : यंत्र हवे तर सभासद व्हा,
सभासद झालात तर पुस्तक न्या.
हाताला लागली ती जाड रहस्यकथा
त्याने काखेत मारली, नाव न वाचता.

पुढे आवेलिनो गेला बोटीवर.
सुलक्षाला पिळर्णच्या कारखान्यात तीन महिन्यांचे काम लागले,
तीनाचे सहा झाले.
सगुण यायचा थांबला.

पुस्तकाची मुदत टळून महिना झाला
तेव्हा मी स्मरणपत्र धाडले,
गावसच्या पुढे चार आकडे घालून.
रात्री अकराला उत्तर आले :

"माननीय महोदया,
आपल्या पत्राच्या अनुषंगाने सविनय कळवितो की
सदर पुस्तक टिपरच्या केबिनमध्ये ठेवले आहे.
वाचायला तिथे बरे पडते, कोण येत नाही.
खुनी कोण ते अजून कळले नाही.
तरी आठ दिवसांची मुदतवाढ मिळावी ही विनंती.
नोकरीचे सात अर्ज पाठवले, पोच दोघांची आली.
ता.क. पुस्तकाच्या कडा तांबड्या आहेत त्या आधीपासून.
मी केल्या नाहीत."

एक व्याकरणाची चूक नाही.
अर्जाचा नमुना माझाच, फळ्यावर लिहून दिलेला.

आठ दिवस वाढवून दिले, तसे लगेच कळवले.
ता.क.चे उत्तर
अजून मसुद्यांत पडून आहे.