दोन कप्पे

पूर्वी म्हणे कुणा विद्वानानं
या बेटावरचे दोन पिकाफ्लोर दोन कप्प्यांत ठेवले होते.
एक तांबडा, दालचिनीच्या सालीसारखा,
एक पाठीवर निळा-हिरवा, पोटाशी पांढरा, वर ठिपके.
दोन नावं, दोन चिठ्ठ्या, मधे लाकडाची फळी.
नवरा-बायको आहेत, हे लक्षातच आलं नाही कुणाच्या,
फार वर्षं.

नीबाल्दो हे सांगतो आणि हसतो.
त्याच्या घरीही तसंच. एर्मेलिंदा वरच्या खोलीत निजते,
मांजर गेल्यापासून.

गेलं म्हणजे मेलं नाही.
एका सकाळी पायरीवर हिरवा पंख सापडला,
तेव्हा बटाट्याच्या पेटीत घालून, मालवाहू बोटीनं,
त्याला वाल्पाराइसोला धाडलं भावाकडे.
"एवढ्याशा पिसासाठी?"
"हो. अख्ख्या जगात एवढंसंच आहे ते.
या एका डोंगरावर."

लॉबस्टरचा हंगाम उघडायला तेरा दिवस.
सापळे दुरुस्त करून दारात रचलेत.
तोवर तो वर चढतो, कोयता घेऊन, मोरा छाटायला.
कुंपणाला म्हणून आणलेली काटेरी जाळी,
कुंपणच डोंगर गिळत निघालं.
तिच्याखाली लुमाची झाडं गुदमरतात,
आणि लुमातच, फांदीच्या टोकाशी, ती घर बांधते.
नेच्याची लव, शेवाळ, कोळ्याचा धागा.
करवंदाएवढी दोन अंडी.
तांबडा काडीचीही मदत करत नाही.

तो असतो गावात, एर्मेलिंदाच्या परसात,
कोबीच्या झाडावर. हो, कोबीच, पण माणसाहून उंच,
पानं सुपाएवढी, नारिंगी फुलांचे झुबके खाली लोंबलेले.
डोक्यावर निखारा,
मान वळेल तसा पेटतो, विझतो.
माशी आली, हाकल.
मुख्यभूमीवरून आलेला हिरवा चुलतभाऊ, हाकल.
ती आली.
हाकल.

धुणं वाळत घालताना एर्मेलिंदा रोज बघते.
काल तिनं चिमटे खाली ठेवले, कुदळ घेतली,
आणि शेडच्या मागे, तांबड्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात
कोबीचं दुसरं रोप लावलं.
फुलायला काही वर्षं जातील, तिला माहीत आहे.
वारा कुठून येतो तेही पाहून ठेवलंय.

रात्री गारठा. लुमात पाखरू
थंड पडून असतं, काळीज जेमतेम चालू,
हातात घेतलं तर मेलं म्हणाल.

रोपाबद्दल ती बोलली नाही.
जेवताना एवढंच विचारलं,
"मांजर कसंय म्हणे?"
"लठ्ठ झालंय," तो म्हणाला,
आणि पाव तिच्याकडे सरकवला.