लिंबाएवढी

वडगावात मागाच्या खटखटीतून
दर पंधरा मिनिटांनी मी उठायची.
रुद्राप्पा मालक आधी घड्याळाकडं बघायचा,
मग माझ्याकडं.
पुढं बोलायचंच सोडलं त्यानं.

उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी,
सब्जा, नाचणीची आंबील.
लघवीत पू, पण जंतू सापडत नाही,
तीनदा तपासली खासबागेतल्या लॅबनं.
चौथ्यांदा एका पोरसवद्या डॉक्टरीणबाईनं विचारलं,
घरात कुणाला टीबी होता?
होता की. दादाला.
मी नववीत होते,
त्याचा थुंकीचा डबा मीच राखेनं घासायची.

गोळ्या चालू झाल्या.
पहिल्या दिवशी लघवी शेंदरी उतरली, मी भ्याले.
नर्स फिलोमिना हसली,
गोळी पोटात गेल्याची सही आहे ती.

सहा महिने सह्या केल्या मी.
जंतू मेले.
कळ मात्र दहा मिनिटांवर आली.

डॉक्टर अंगडींनी कन्नडातून सुरू केलं,
माझं तोंड बघून मराठीवर आले,
केसपेपर उलटा करून काढून दाखवलं:
डावं मूत्रपिंड, आत नुसता चुना,
खाली नळी, सुताएवढी,
आणि पिशवी, लिंबाएवढी.
"जखम भरली, कस्तुराक्का.
भरताना आवळली."

म्हणजे बरं होता होताच
वाट बुजली माझी?
"होय की," म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.
वर्षभर आधी आला असता
तर नळीत नळी घालून भागलं असतं कदाचित.
आता चाकूच.

मला कळलं ते.
सुताला पीळ जास्त बसला
की गोंजारून सुटत नाही, तोडून गाठ मारावी लागते.

डावं काढलं.
आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन
पिशवीला जोडला,
आखूड झंपराला कळी घालतात तसा.
ठिगळ म्हणू नका, म्हणाले.
मी ठिगळच म्हणते.

पण आतडं ते. त्याला कळ ठाऊक नाही,
तुडुंब भरलं तरी गप्प.
म्हणून आता भिंतीकडं बघून
तीन तासांनी उठायचं,
वाटो न वाटो.

काल विसरले.
काठातलं रुईफूल अर्धं भरत आलं होतं,
हात थांबेना.
पलीकडच्या मागावरनं रुद्राप्पाच ओरडला,
"कस्तुराक्का, अकरा वाजले!"