अकरा खिळे

आमच्या पेटीत त्या अक्षराचे खिळे होते अकरा.
'अ', आणि डोक्यावर एक नागमोडी रेघ;
नाकातून निघणारा, अर्धवट कण्हल्यासारखा आवाज.
दोन तर मथळ्यातच कायमचे अडकलेले:
एक साव लुईस या गावाच्या नावात,
एक मारान्याव या प्रांताच्या.
उरले नऊ.
नवांत आठवडा काढायचा असतो, हे
आनाक्लेतो सेरेजोला कोण सांगणार?

तो लिहायचा पाव. लिहायचा हात, भाऊ, काळीज.
आमच्या भाषेत या सगळ्यांना तोच अ लागतो.
आणि 'नाही'ला लागतो.
एका स्तंभात सतरा वेळा 'नाही' म्हणायचा हा मुलगा.

मग मी काजूच्या लाकडाचे कोरले, चाकूने, रात्री.
ते जाड उमटत. म्हणून त्या अंकांतले काही नकार
इतरांपेक्षा काळे आहेत.
लोकांना वाटलं, त्यानेच जोर दिलाय.

तो आला तेव्हा वीस वर्षांचा. पायांत बूट.
आमच्याकडे बूट म्हणजे सुटकेचा दाखला;
चावत होते, तरी जिन्यावर काढले नाहीत.
मी अनवाणी. विधवा दोना एउलालियाच्या मालकीचा,
छापखान्याला महिन्याच्या भाड्याने दिलेला.
वाचायला शिकलो ते उलट्या अक्षरांवर.
सुलट पान पाहिलं की अजून क्षणभर अडखळतो.

चौथं पान जाहिरातींचं. त्यासाठी शिशाचा एक माणूस होता,
बोटाएवढा, काठीला गाठोडं, एक पाय उचललेला.
कुणीही पळालं तरी तोच छापायचा.
आनाक्लेतोने त्याला उजेडात धरलं.
"याचं नाव काय?"
"ज्या आठवड्यात जो पळाला त्याचं."
तो हसला नाही. शिशाचा माणूस खिशात घातला,
आणि आमचा 'कोंबडा' पुढच्या शनिवारी
चौथ्या पानावर कोराच आरवला.

मालक गोदिन्यो म्हणाला, झाकून ठेव जरा.
तीनशे वर्गणीदारांचे ऐंशी उरले.
त्यांतले कितीक फक्त शिव्या द्यायला घेत.

रात्री मात्र कविता. कागद नाही, तोंडी सांगायचा,
मी खिळे जुळवत जायचो. ओहोटीचा चिखल,
खेकड्यांची घरं, आईच्या बोटांना येणारा खोबऱ्याचा वास.
बत्तीस पानांचं पुस्तक व्हायचं होतं.
सोळा छापली.
सतराव्याच्या मुद्रितावर लाल ठिपका दिसला.
दुरुस्तीची खूण समजून
मी तिथलं अक्षर शोधत राहिलो बराच वेळ.

तेवीस. ऑगस्टमधलं खाडीवरचं वारं.
त्याच्या आईने, जेनेरोझाने, त्याला बूट घातले.
शिशाचा माणूस तिने आधीच ठेचून
भावाच्या मासेमारीच्या जाळ्याला लावला होता.
मी त्याच्या मुठीत एक खिळा ठेवला, खरा, धातूचा.
मालकाने सोमवारी पेटी मोजली
आणि तेवढे पैसे विधवेच्या भाड्यातून कापले.
तिने माझ्या जेवणातून.

बऱ्याच वर्षांनी मे महिन्यात तार आली.
नवा छापखाना, फ्रान्सचं यंत्र,
त्या अक्षराचे मूठमूठ खिळे.
गुलामी या शब्दाच्या शेवटी तोच अ आहे,
आणि तिच्या अंताच्याही शब्दात तोच.
मी दोन्ही जुळवले. दुसऱ्यात
काजूचा, किडलेला, लाकडाचा बसवला.
फोरमन ओरडला. राहू दिलं.

अंक घेऊन जेनेरोझाकडे गेलो.
ती टॅपिओकाच्या वड्या उलटत होती; हात पुसले.
वाचता येत नाही तिला. तिने पान पालथं केलं
आणि पाठीवरून बोट फिरवलं,
जिथे खिळे टोचून कागद वर येतो.
एका जागी थांबली.

"इथे त्याने जोर दिलाय," म्हणाली.

हो, म्हणालो मी.