वेर्ल्याला जाऊन आलो

डॉक्टरीणबाईंनी कॉफी बंद केली
तेव्हा म्हटलं, निदान तिचं घर तरी बघून यावं.
तीस वर्षं रोज दोनदा जिला भेटलो
ती राहते कुठे हे ठाऊक नसावं,
म्हणजे जरा अतीच.

फोंड्याहून सांगे, सांग्याहून नेत्रावळी.
तिथे कदंब बस दमली.
पुढचा घाट दुधाच्या टेम्पोत,
रिकाम्या कॅनांच्या मधोमध.
प्रत्येक वळणाला कॅन वाजायचे
आणि ड्रायव्हर ओरडायचा, धर, घट्ट धर.
मला म्हणत होता की कॅनांना, कळलं नाही.

वर थंडी होती. गोव्यात, थंडी!
आयतू वेळीप कानांना मफलर गुंडाळून उभा,
पायांत काही नाही.
"खंयच्यान आयलो?"
फोंड्याहून.
"कित्याक?"
कित्याक, याचं उत्तर मी घाट चढताना जुळवलं होतं.
सांडलं कुठेतरी कॅनांच्या खडखडाटात.

कॉफी आधी दिसतच नाही.
दिसतो फणस, फणसावर चढलेली मिरवेल,
सुपारीच्या उंच, सडपातळ माना.
मग त्यांच्या सावलीत, खांद्याएवढी,
लग्नाच्या फोटोत कडेला अर्धीच आलेली कुणी असते ना,
तशी ही.
फांदीला गच्च बिलगलेले घोस,
लाल, पिवळट, हिरवे, एकाच घोसात सगळ्या वयांचे.

सुकांती तोडणीला होती.
पौषातली धालोंची रात्र, पहाटेपर्यंत मांडावर,
आता हात चालू आणि डोळे निजलेले.
तिची बोटं पिकलं न पिकलं
न बघता ओळखायची.
मी निरखून निरखून तीन तोडली.
त्यातली दोन तिने परत माझ्या हातावर ठेवली.
बोलली काही नाही.
तिसरं दाखवून म्हणाली, "खा."

दचकलो. डॉक्टरीणबाई आठवल्या.
खाल्लं.

गोड होतं.
फार नाही, साल काढताना बोटाला लागेल इतपत,
पण गोड.
तीस वर्षांत एकानंही सांगितलं नाही
की हिला आधी गोडी असते.
आत दोन बिया, सपाट बाजू एकमेकींकडे करून,
भांडून पुन्हा एकाच चटईवर निजलेल्या.

आयतूची आई घाटापलीकडे मळ्यावर होती,
सहा पावसाळे, मजुरीला.
परतली ती पिंढऱ्यांवर जळवांचे डाग
आणि लुगड्याच्या गाठीत मूठभर बिया घेऊन.
चोरून? मी विचारलं. विचारायला नको होतं.
आयतूने मफलर सोडला, झटकला, पुन्हा बांधला.
"दोन आठवड्यांचे पयशे तांणी दवरले.
हिशेब जालो."

सारवलेल्या खळ्यावर तो हिशेब वाळत पडला होता.
एक कोंबडी त्यावरून चालत गेली,
एकही दाणा न टिपता.
रात्री गवा येतो, तोही केळी मोडतो,
हिला तोंड लावत नाही.
मोबाइलला रेंज नाही, आहे ती त्या कातळावर,
तिथे भाव विचारायला आयतू शनिवारी चढतो,
उतरतो तेव्हा बहुतेक गप्प असतो.

मग आला चहा. काळा, गुळाचा.
कॉफी नाही?
सुकांती पहिल्यांदा हसली.
"आमी पियेनात. कडू लागता."
तिघे ओळीत बसून चहा प्यालो,
समोर खळं, खळ्यावर ऊन,
उन्हात ती.

निघताना आयतूने मांडीवर पाच किलोचं पोतं दिलं,
सांग्याला गणेश स्टोअरात पोचवायला.
वाटभर नाक लावून बसलो पोत्याला.
कॉफीचा वास नाही. ओलं गवत, तागाचा धूर,
कुणाच्या तरी माळ्यावरची जुनी घोंगडी.
भाजेपर्यंत हिला स्वतःचा वास नसतो, हे आयतूने सांगितलं होतं,
तरी मी हुंगत राहिलो.

कंडक्टरनं सामानाचं अर्धं तिकीट फाडलं.
"पोत्यांत कितें?"

कॉफी म्हणणार होतो.
म्हटलं, अजून काही नाही.