त्रेचाळीस वडे

कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला बसले.
गाडीत आठ जण, नववा इरफान चालवणारा.
तिखटमिठाच्या पुऱ्या माणशी पाच,
इरफानच्या आठ, त्याला एकट्याला परत यायचंय.
जवसाची चटणी कोरडी, तेल वाटेत घालू.
दही नको, बुटीबोरीपर्यंत फसफसतं.
सासूबाईंना दात नाहीत, त्यांना दुधातल्या दशम्या.
बाळंतिणीचे मेथीचे लाडू, डबा वेगळा.
उरल्या पिठाच्या चार भाकरी होतील,
त्या लिहिल्या नाहीत.

आणि वडे.

अकरा वर्षांपूर्वी, याच अंगणात,
धाकट्या दिराच्या लग्नात,
वाढणारा पोरगा मारोतरावांच्या पानाशी आला
आणि टोपली उपडी करून दाखवली त्यानं, हसत.
जावई उठले. हात धुतले. बस धरली.
गोकर्णाताई त्यांच्या मागून,
जाताना माझ्याकडे एकदा पाहून.
भट्टीवर मी होते. डाळ मी मोजली होती.

तेव्हापासून पत्रिका पोस्टानं.

आता त्यांच्या पोरीला पोरगी झाली.
"वडे ने," सासूबाई म्हणाल्या
आणि भिंतीकडे वळून निजल्या.
किती, विचारलं, तर "पुरतीन तेवढे."
साठ नेले तर म्हणतील, तोंडावर फेकायला आणले.
वीस नेले तर, सवय गेली नाही.
मी त्रेचाळीस लिहिलं,
मोजलेच नाहीत असं वाटावं म्हणून.

भिवापूरच्या पुढे टायर बसला.
कडेला मिरची वाळत घातलेली,
अख्खी गाडी शिंकत उतरली.
पुऱ्या तिथंच संपल्या, इरफानच्या आठांसकट.
चटणी काढायची राहिली, तेलाची बाटली तशीच.
वड्यांचा डबा मी मांडीवरून हलवला नाही.

सिंदेवाहीच्या अलीकडे धान कापलेल्या बांध्या,
मग घर, मग दारात मारोतराव,
एका खांद्यानं उतरलेले.
"या." एवढंच.
आत परातीत वडे. ढीग.
ताईंनी माझा डबा घेतला, उघडला,
त्या ढिगावर रिकामा केला.
त्रेचाळीस कुठले आणि त्यांचे कुठले,
संपला हिशेब.

जेवणं झाली. त्या दिवसाचं कोणी काढलं नाही.
संध्याकाळी मी भांडी घासत होते,
ताई आल्या, आमची पिशवी चाचपत.
"वैनी, गाडीतलं काही उरलं काय वं?"
"भाकरी आहेत सकाळच्या. वातड झाल्या असतील."
"दे न. सव्वीस वर्सं झाले, इथं भातावर भात."

उंबऱ्याशी बसून त्यांनी भाकर कुस्करली,
चटणी, वरून कच्चं तेल,
कांदा बुक्कीनं फोडला,
अर्धं माझ्याकडे सरकवलं.
बराच वेळ नुसतं चावणं.
मग म्हणाल्या,
"यायले वडा आवडतच नाही न वं. तवाही नोता."
मी परातीकडे पाहिलं.
"मग एवढे?"
"तू आणशीन, अन् कमी पडतीन म्हणून."

मला हसू आलं, त्यांना ठसका लागला,
पाणी कोणी द्यायचं यात दोघी उठलो.

तीन भाकरी संपल्या.
चौथी त्यांनी फडक्यात बांधली
आणि फळीवर मागे सारली,
तांदळाच्या डब्याआड,
कोणाला दिसू नये अशी.