जाळरेषा

होळी सरली की पाठीवर ब्लोअर,
पाचोळा उडवत जातो मी
देवलापारच्या जंगलात,
सहा मीटर रुंद उघडी भुई मागे ठेवत.
हंगामी माणूस. पाऊस आला
की वणवा संपतो, रोजीही.

काल मोबाइल थरथरला.
उपग्रहाला दिसलेला ठिपका
नागपूरच्या कचेरीतून माझ्या खिशात.
धावलो.

ठिपक्यावर सासू बसलेली, सुमरीबाई मडावी,
मोहाखालचा पाला पेटवून,
हातात ओली फांदी, बाजूला पाण्याची गुंडी.
"फुलं वेचाले भुई दिसाले पायजे ना!
तुह्या सायबानं जायलं थे रेषा,
मी जायलं थे गुन्हा?"

धूर डोळ्यांत गेला.
दोघांनी मिळून विझवलं.

रात्री फॉर्मातल्या कारणाच्या रकान्यावर
पेन टेकवून बसलो.
शाईचा ठिपका
मोठा होत गेला.